कर्करोगाच्या जनुकीय संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा आधी शिकावी, हा तुमचा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. सुरुवातीला एकच कर्करोग निवडा आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या, ३३ प्रकारच्या कर्करोगांचा अभ्यास केलेल्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ या गाठींमधील जनुकीय बदल नोंदवणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाची खुली माहिती हाताळा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ज्या जनुकात सर्वाधिक उत्परिवर्तने (डीएनएच्या क्रमातील बदल) दिसतात, त्यालाच रोगाचे कारण समजणे. टीटीएन हे जनुक अशा याद्यांत हमखास वर येते. पण ते अतिशय लांब असल्यामुळे त्यात योगायोगाने होणारे बदलही जास्त साठतात, तर टीपी५३ या जनुकातील बदल खरोखरच पेशींच्या वाढीवरचा लगाम सोडतात. म्हणून यादी पाहताच हुरळून न जाता जनुकाची लांबी आधी पाहा. गाठीच्या नमुन्याशेजारी त्याच रुग्णाच्या रक्ताचा किंवा निरोगी ऊतीचा नमुना नसेल, तर जन्मजात बदल कोणता आणि गाठीत नव्याने झालेला कोणता, हे खात्रीने सांगता येत नाही.

आता दोन किरकोळ वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी:

- जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका. ‘मार्च१’ या जनुकाच्या नावाची तिथे तारीख होत असे, आणि अखेर २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलावी लागली.
- संदर्भ जीनोमची, म्हणजे ज्या प्रमाण मानवी डीएनए-क्रमाशी नमुने ताडून पाहतो त्याची, आवृत्ती प्रत्येक फाइलवर लिहा. ३७ आणि ३८ या आवृत्त्यांची सरमिसळ करून मी तीन आठवडे वाया घालवले आहेत.

एकल पेशींचे, म्हणजे एकेका पेशीचे स्वतंत्रपणे केलेले विश्लेषण तूर्त बाजूला ठेवा.