फोनच्या खोक्यावर एसएआर १.१९ लिहिले आहे आणि समोरच्या गच्चीवर टॉवर आहे. घरात लहान मूल असताना काळजी करावी का?

तुम्ही विचारले आहे की बहिणीच्या फोनचा एसएआर ०.६ असताना तुमच्या फोनचा १.१९ आहे, म्हणजे तुमचा फोन दुप्पट घातक आहे का, आणि समोरच्या इमारतीवरील टॉवरमुळे पाच वर्षांच्या मुलाला धोका आहे का. दूरसंचाराच्या मोजमापांशी कामानिमित्त माझा बराच संबंध आला आहे, म्हणून आधी हा आकडा कसा काढतात ते सांगतो, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

शरीराच्या एक किलो ऊतींमध्ये दर सेकंदाला रेडिओ लहरींची किती ऊर्जा शोषली जाते, हे एसएआर सांगतो आणि तो वॉट प्रति किलोग्रॅममध्ये मोजतात. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या पोकळ साच्यात मेंदूच्या ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, फोन साच्याच्या कानाशी लावून त्याला पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करायला लावतात, आणि यांत्रिक हाताला जोडलेला बारीक शोधक द्रवात फिरवून शोषण सर्वाधिक कुठे होते ते पाहतात. निरनिराळे बँड (लहरींच्या वारंवारतेचे पट्टे), दोन्ही कान आणि फोन धरण्याच्या निरनिराळ्या स्थिती यांतून जे सर्वांत मोठे मूल्य मिळते तेच जाहीर करतात. त्यामुळे १.१९ हे तुमच्या फोनचे सर्वांत प्रतिकूल परिस्थितीतील मूल्य आहे. तुमच्या रोजच्या बोलण्यात तितकेच शोषण होते असा त्याचा अर्थ नाही.

प्रत्यक्ष वापरात किती शक्ती पुरेशी आहे हे नेटवर्क फोनला सतत कळवत असते आणि फोन त्याप्रमाणे शक्ती कमी-जास्त करतो. ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट असते, पण रेंज चांगली असेल तर त्याच्या अगदी लहानशा अंशावरही बोलणे व्यवस्थित होते. याउलट लिफ्टमध्ये, तळघरातील पार्किंगमध्ये किंवा घाटातल्या रस्त्यावर, जिथे रेंजची एखादीच दांडी दिसते, तिथे तोच फोन कमाल शक्तीकडे जातो. खिडकीजवळ बसून वापरलेला १.१९ चा फोन लिफ्टमध्ये कानाला लावलेल्या ०.६ च्या फोनपेक्षा तुम्हाला कितीतरी कमी ऊर्जा देऊ शकतो, म्हणून केवळ या आकड्यावरून फोन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादा कशी ठरली हेही पाहण्यासारखे आहे. संपूर्ण शरीरात सरासरी ४ वॉट प्रति किलोग्रॅम इतके शोषण झाले तर शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढू शकते आणि प्रयोगातील प्राण्यांच्या वागणुकीत फरक दिसतो. त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.४, या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आणि पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८, सर्वसामान्यांसाठी ठरवला गेला. फोनमुळे मात्र शरीराच्या छोट्याच भागात शोषण होते, म्हणून डोक्यासाठी वेगळी मर्यादा आहे. युरोपात ती १० ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर २ वॉट प्रति किलोग्रॅम आहे, तर अमेरिकेत १ ग्रॅमच्या सरासरीवर १.६. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून अमेरिकेची, म्हणजे अधिक कडक, पद्धत स्वीकारली. त्यामुळे बहिणीचा फोन युरोपातून आणलेला असेल तर त्या दोन आकड्यांची थेट तुलनाच करता येणार नाही.

नियम कागदावर असून भागत नाही, बाजारातल्या फोनची तपासणीही व्हावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने बाजारातून घेतलेला आयफोन १२ तपासला, तेव्हा हातात किंवा खिशात ठेवल्याच्या चाचणीत तो ५.७४ भरला. हातापायांसाठीची मर्यादा ४ असल्याने विक्री थांबवली गेली आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करून प्रश्न सोडवावा लागला. अशी तपासणी सर्वत्र आणि नियमितपणे व्हायला हवी.

आता टॉवर. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी, अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची (आयसीएनआयआरपी) मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॉट होती. भारताने २०१२ मध्ये ती दहापट कमी करून ०.४५ केली. टॉवरचा झोत साधारण आडव्या दिशेने, किंचित खाली झुकून जातो आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता सुमारे चौथा भाग उरते. घरात जे पोचते ते कानाला लावलेल्या फोनच्या तुलनेत सहसा फारच थोडे असते, आणि जवळच्या टॉवरमुळे तुमच्या फोनला कमी शक्ती पुरते. टॉवर हटवला तर घरातला प्रत्येक फोन अधिक जोराने प्रक्षेपण करू लागेल, ही गोष्ट सोसायटीच्या सभेत कोणीतरी मांडायला हवी. तरीही मन स्वस्थ होत नसेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी मागवता येते.

कर्करोगाबद्दल सांगायचे तर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘२ब’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, गटात ठेवले, कारण पुरावा मर्यादित होता पण शंका पूर्णपणे फेटाळता येत नव्हती. याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. या लहरींची ऊर्जा रासायनिक बंध तोडण्यासाठी फार अपुरी असते, त्यामुळे त्यांची तुलना क्ष-किरणांशी करू नये. मात्र सध्याच्या मर्यादा मुख्यतः उष्णतेच्या परिणामावर आधारलेल्या आहेत आणि लहान वयापासून दीर्घकाळ झालेल्या वापराचा पुरावा तुलनेने कमी आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत थोडी सावधगिरी मला योग्य वाटते, आणि तिला खर्चही येत नाही.

फोनच्या पाठीवर लावायच्या ‘रेडिएशनरोधक’ चकत्यांवर पैसे घालवू नका. त्यांनी अँटेना झाकली गेली तर फोन उलट शक्ती वाढवतो. लांबलचक बोलणे स्पीकरवर किंवा इअरफोनवर करा आणि रेंज नसताना फोन कानाला लावून ठेवू नका. मुलाला गोष्टी किंवा गाणी दाखवायची असतील तर ती आधी डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाकून द्या आणि वाय-फाय व ब्लूटूथही बंद असल्याची खात्री करा. मग त्या वेळी फोनमधून प्रक्षेपण होत नाही.