हायपरथायरॉइडमुळे मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते का?

तुमच्या बहिणीला ग्रेव्हज (थायरॉइडचं हार्मोन जास्त बनवणारा आजार) आहे, मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली आणि तुम्ही विचारताय, थायरॉइड कुठे नि मेंदू कुठे? तीन वर्षांपूर्वी मीही न्यूरॉलॉजिस्टना हेच विचारलं होतं.

हो, होऊ शकते, पण क्वचित. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की रक्तात फॅक्टर ८, फायब्रिनोजेन असे गोठवणारे घटक वाढतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याचं शरीराचं काम मंदावतं. तरी बहुतेक वेळा जोडीला आणखी काही असतं. माझ्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या होत्या. (त्या त्याच दिवशी बंद झाल्या.) बाळंतपण, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष हीसुद्धा कारणं असतात, म्हणून बहिणीच्या त्या तपासण्या झाल्यात का, विचारून घ्या.

माझं डोकं आठ दिवस दुखत होतं. आडवं झालं की जास्त, वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी मायग्रेन समजून गोळ्या घेत राहिले. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला! डॉक्टरांनी डोळ्यांत बघितलं, नसेला सूज दिसली, मग एमआर व्हेनोग्राफी (मेंदूच्या शिरांचा एमआरआय) केली आणि त्यात गुठळी सापडली. आधी रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शनं, नंतर त्याच कामाची वॉरफरिनची गोळी, सोबत थायरॉइड कमी करणारी कार्बिमाझोल.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते. थायरॉइड वाढलेलं असताना वॉरफरिन जास्त चढतं, कारण ते ज्या घटकांवर काम करतं ते शरीरात लवकर संपतात. गुठळ्या होणाऱ्या माणसात असं व्हावं हे ऐकायला उलटंच वाटतं. थायरॉइड ताब्यात येऊ लागलं की तोच डोस अपुरा पडतो. माझा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वॉरफरिन कमी पडलं की उतरतो) वॉरफरिनच्या त्याच डोसवर ३.१ वरून १.६ वर आला. थायरॉइडचे डॉक्टर कार्बिमाझोल बघत होते, न्यूरॉलॉजिस्ट वॉरफरिन, आणि दोघांच्या मधली निरोपी मी! म्हणून कार्बिमाझोलचा डोस बदलला की वॉरफरिन देणाऱ्यांना लगेच कळवा आणि आयएनआर कधी करायचा ते विचारा. कार्बिमाझोल चालू असताना ताप किंवा घसा दुखायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात.

डोकेदुखी लगेच जात नाही, माझी दोन महिने रेंगाळली. पण ती अचानक वाढली, फिट आली, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थेट इमर्जन्सीत न्या.