माणसापुढं हात पसरला, तर देवावरचा भरवसा उणा होतो का?

परभणीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका पैशाची अडचण सांगताना आवाज खाली आणत नाहीत. सोयाबीन गेलं, उचल फिटली नाही, पोराची फी राहिली, सगळं मोकळेपणानं सांगून होतं. आवाज खाली येतो तो त्यानंतर. "मॅडम, देवावर भरवसा हाय म्हणते अन् रातभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हंजी माझा भरवसा खोटाच का?" सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर तर हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथं घेतलंय.

गंगाखेड तालुक्यातल्या एक ताई. चाळिशीच्या, माळकरी. दोन एकर रान, तेही नदीकाठचं. सोयाबीन उभ्या जागी सडलं. मुलगी नांदेडला बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे थकलेले. लेकीचा मेसेज आला की ताई फोन टेबलावर उपडा ठेवायच्या आणि वर रुमाल टाकायच्या.

"किती कमी पडतात?" मी विचारलं.

"लई."

"लई म्हणजे किती?"

"ते बघितलंच नाही. पांडुरंग बघून घेईल."

पांडुरंगाच्या नावाला माझी हरकत नव्हती. पण जो आकडा बघायची त्यांना भीती वाटत होती, तोच त्या त्याच्यावर ढकलत होत्या. खरी गोष्ट कळली ती पुढच्या भेटीत. परळीला सख्खा भाऊ, नोकरी बरी. दिवाळीला त्यानं आपणहून विचारलं होतं, "पोरीचं कसं चाललंय? काही पाहिजे का?"

"मग?"

"नको म्हणलं. माणसापुढं हात पसरला म्हंजी देवावरचा भरवसा सुटला की. मागायचं तर त्यालाच, असं ठरवलंय मी."

माणूस अडचणीपेक्षा अडचणीभोवती स्वतःच घातलेल्या नियमानं जास्त होरपळतो, असं माझं आजवरचं मत आहे, आणि ते बदलावं असं कुणी समोर आलेलं नाही. पैशाची चणचण या बाईंनी लग्न झाल्यापासून पेलली होती. हा नवा नियम मात्र पेलवत नव्हता. त्यांनी स्वतःची परीक्षा मांडली होती आणि त्याच पेपराला पांडुरंगालाही बसवलं होतं. तो पास झाला नाही तर? रात्री दोन वाजता त्यांना जाग आणणारा प्रश्न हाच होता.

माझ्या व्यवसायात बरेच जण इथं श्रद्धेचा विषय हळूच बाजूला सारतात आणि खर्चाच्या नियोजनावर येतात. मी तसं करत नाही. ज्या भाषेत माणसाचा पेच पडलाय, त्याच भाषेत तो सुटतो.

"तुमच्या गंगाखेडच्या जनाबाईकडं विठ्ठल यायचा म्हणतात," मी म्हटलं. "काय करायला यायचा?"

"दळू लागायला."

"आयतं पीठच घेऊन का नाही आला?"

त्या हसल्या. मला काहीच कसं ठाऊक नाही, असं ते हसणं. "आयतं कशाला आणील? संगं बसायचा. दोघं मिळून खुंटा धरायचे, अन् मग..." बोलता बोलता त्यांचा उजवा हात टेबलावर गोल फिरू लागला. मूठ वळलेली, जात्यावर बसल्यासारखी. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं. नव्या समुपदेशकांना मी आधी तेच शिकवते.

हात फिरता फिरता थांबला.

"जनी उठून बाजूला बसली नव्हती," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "मी खुंटा सोडून बसलेय का मॅडम?"

मी उत्तर दिलं नाही. ते त्यांच्याकडे होतंच. रुमालाची घडी घालत त्यांनी फोन सरळ केला आणि म्हणाल्या, "अन् भावाला जर त्यानंच धाडलं असंल, तर मी दारातून माघारी लावला की."

हे वाक्य मी त्यांना ऐकवलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा फोन उपडा ठेवला असता. ते त्यांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. त्याच बैठकीत आम्ही लेकीचे सगळे मेसेज वाचले आणि बेरीज केली. "लई" होतं ते साडेअकरा हजार निघालं. रक्कम लहान नाही, पण तिला आता तोंड होतं.

ज्यांच्या घरात हाच पेच आहे, त्यांना माझं सांगणं असं. काळजी वाटणं आणि भरवसा नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लेकराच्या पोटाची काळजी आईला वाटणारच. झोप उडाली म्हणून भक्ती खोटी ठरत नाही. रात्री दोनला सुटण्यासारखं काहीच नसतं, कारण तहसील बंद आणि भाऊ झोपलेला. आठवलं ते कागदावर टिपा आणि सकाळी त्यातलं एकच काम उरका. देवाला मागताना मोघम मागितलं तरी चालेल, माणसाला मागताना मात्र आकडा आणि परतीची तारीख सांगा. "काहीतरी बघ ना" म्हटलं की समोरचा घाबरतो. "चार हजार दे, कापसाचे आले की फेडते" म्हटलं की तो हिशेब करतो.

आणि जे मागणं नाहीच, आपलं हक्काचं आहे, ते आधी घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५पासून राज्य सरकारनं पूर्ण माफ केलंय. सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश हवा आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. राहण्या-खाण्याचा खर्च त्यात येत नाही. वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना वेगळी, तिची चौकशी कॉलेजातच करा. या ताईंचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडला होता. सेतू केंद्रात जाऊन दाखला काढणं हेही दळणच आहे, असं मी त्यांना म्हटलं, आणि त्या ते गावभर सांगत सुटल्या.

एक कडक बोलते. अडचणीत असताना पैसे घेऊन उपाय सांगणारा कुणीही भेटला, तर त्याच्या दारातून परत फिरा. थकलेली फी बाजूला ठेवून पोथी-पूजेला पाच हजार उचलणारी घरं मी पाहिली आहेत. पांडुरंगानं कधी दरपत्रक लावलेलं नाही. झोप पंधरवड्याहून जास्त दिवस उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६वर फोन करा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीसुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

"अन् खुंटा धरूनही कुणीच आलं नाही तर?" हे हमखास विचारलं जातं. येत नाही कधीकधी. जिंतूरकडच्या एका बापानं सगळं केलं. कागद केले, पाहुण्यांना विचारलं, बँकेत खेटे घातले, तरी रक्कम जमली नाही आणि पोराचं वर्ष गेलं. त्या आषाढीला ते वारीला निघाले तेव्हा मी विचारलं, राग नाही आला?

"आला की. जाऊन भांडणारच हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाशी भांडू?"

पोरानं वर्षभर चाकणला कंपनीत काम केलं. पुढच्या वर्षी त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला.