टेनिस रॅकेटच्या हायब्रीड गटिंगमध्ये (उभ्या आणि आडव्या तारा वेगवेगळ्या प्रकारच्या) पॉली, म्हणजे पॉलिएस्टरची कडक तार, उभी घालावी की आडवी?

कोपर दुखत असेल, तर पॉली आडवीच घाला आणि उभ्या तारा मऊ ठेवा. रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या ताराच ठरवतात. फेडरर कित्येक वर्षं असाच खेळला: उभं नॅचरल गट (जनावरांच्या आतड्यापासून केलेली तार), आडवी पॉली. पण नॅचरल गट महाग, शिवाय दमट हवा त्याला मानवत नाही. मुंबई-कोकणात खेळत असाल तर मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंची मऊ कृत्रिम तार) बरं. पॉलीचा ताण उभ्या तारांपेक्षा दोनेक पौंड कमी ठेवायला सांगा. उलट जोडीत, म्हणजे उभ्या पॉलीत, टॉपस्पिन छान मिळतो, पण हाताला हादरेही जास्त बसतात. आणि कृपा करून पॉली तुटायची वाट पाहू नका! ती तुटण्याच्या कितीतरी आधी ताण सोडते. चेंडू विनाकारण लांब जायला लागले की नवीन गटिंग करून घ्या.