गाठ काढल्यावर मुलांच्या पापणीतल्या ग्रंथी नीट राहतात का?

ताई, मुलाच्या पापणीवरची गाठ काढली, आता आतल्या ग्रंथींचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, सांगलीतली एक आई आहे. माझ्या लेकीची गाठ मिरजेत काढली तेव्हा याच काळजीनं मला झोप नव्हती.

वरच्या पापणीत तेलाच्या ग्रंथी साधारण 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत 20 ते 30. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा लवकर सुकत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आत साठून गाठ धरते. रांजणवाडीसारखी ती सहसा ठणकत नाही. ती काढताना बहुतेकदा पापणी उलटून आतून छेद देतात आणि साठलेलं खरवडतात. ती एक ग्रंथी कदाचित पूर्वीसारखी होणार नाही, पण बाकीच्या ग्रंथी डोळ्याला पुरेसं तेल देतात.

जपायचं ते या बाकीच्यांना. आम्ही इथंच चुकलो. जखम भरली म्हणून शेक सोडला आणि चार महिन्यांत दुसऱ्या डोळ्यावर गाठ आली. तिच्या पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंडा होता, कडा लालसर होत्या. मूळ दुखणं तेच होतं आणि ते गाठीबरोबर गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की शेक पुन्हा सुरू करा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं, आधी आपल्या मनगटावर लावून बघायचं, मग मिटलेल्या डोळ्यावर पाच ते दहा मिनिटं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. तव्यावर तापवलेलं फडकं नको, पोरांची कातडी नाजूक असते. आमच्याकडे आज्जी गोष्ट सांगायच्या तेवढा वेळ लेक न हलता पडून राहायची. नंतर हलक्या बोटानं वरची पापणी खाली आणि खालची वर, केसांच्या दिशेनं चोळायची. खारकेची बी उगाळून लावा, असं घरात कुणी म्हणेलच. माया असते त्यात, पण डोळ्याला ती लावू नका.

मूल सारखं डोळे चोळत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर धूसर वाटली, तर थांबू नका, लगेच दाखवा. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना पापणीची कड दाबून तेल कसं येतं ते बघायला सांगा. निरोगी ग्रंथीतून ते पातळ, स्वच्छ येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखं घट्ट. लेकीचं गेल्या खेपेला पातळ आलं, तरी रात्रीचा शेक आम्ही चालूच ठेवलाय.