विडी सोडल्यावर बाबांच्या दम्याच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी का केला?

बरोबरच केलं. त्या गोळीतलं औषध, थिओफायलिन, आतड्यातून रक्तात जातं आणि यकृतात मोडलं जातं, मुख्यतः सीवायपी१ए२ या एन्झाइमकडून. उरलेले तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. विडीच्या धुरातली हायड्रोकार्बनं यकृताला हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. विडी थांबली की आठवडाभरातच एन्झाइम बरंच उतरतं. मग जुनाच डोस जड होतो: मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं, फारच वाढलं तर फिट्ससुद्धा.

हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. आपल्या निपाणी भागात विडी सोडून तंबाखूची चिमूट धरणारे कमी नाहीत. त्यांचंही एन्झाइम उतरतंच. (तोंडाचं काय होतं तो वेगळा विषय.)

सगळ्या औषधांचं असं नसतं. काहींना वाहक प्रथिनं यकृताच्या पेशीत ओढून घेतात आणि जवळजवळ तशीच पित्तात सोडतात.

बेळगावला दाखवायला न्याल तेव्हा विडी कधी सोडली ते नक्की सांगा. आणि कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर थिओफायलिन चालू आहे हे आधी बोला, ते याच एन्झाइमला अडवतं.