घाट चढणारे पाय सपाटीवर का दमतात?

वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) सायकलिंग

प्रश्न : आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जातो. घाटात आमच्या गटातले बहुतेक जण माझ्या मागे असतात. पण १८० किलोमीटरच्या सरावात पहिले १०० किलोमीटर ताशी ३० चा वेग राहतो, पुढे तो २४-२५ वर येतो. घाट आणखी वाढवू का? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : वाढवू नका. उलट दोनातला एक कमी करा. कासच्या फेरीत चढताना जोर लावायचा आणि उतरताना पाय थांबवून ब्रेक सांभाळायचे, असा प्रकार असतो. फेरीच्या एकूण वेळात पायडल खरोखर मारलेला वेळ किती, ते सायकल कॉम्प्युटरवर पाहा. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघेल. पूर्ण अंतराच्या शर्यतीत, म्हणजे सायकलचे १८० किलोमीटर असतात तिथे, मामला उलटा असतो. जोर बेताचा लागतो, पण सहा तास उसंत मिळत नाही. शिवाय घाटात आपण ताठ बसतो आणि शर्यतीत एरोबारवर, म्हणजे हँडलच्या पुढे आलेल्या दोन दांड्यांवर कोपर टेकवून, वाकून बसावं लागतं. त्या कोनात मांड्यांना, पुठ्ठ्यांना आणि पाठीला तासन् तास काम करायची सवयच नसते. शंभर किलोमीटरनंतर तुमचा वेग पडतो तो इथे.

दुसरं कारण म्हणजे सुरुवातीचा वेग. आधी एफटीपी काढा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद. अर्धा तास अंग तापवा, मग २० मिनिटं सर्वस्व लावून चालवा आणि सरासरी वॅटला ०.९५ ने गुणा. घाटात मध्ये थांबावं लागत नाही म्हणून अनेक जण ही चाचणी तिथेच घेतात. पण चढावर ताठ बसून आलेला आकडा एरोबारवर बहुधा गाठता येत नाही. चाचणी सपाटीवर, शर्यतीच्याच बैठकीत घ्या. २० मिनिटांत सरासरी २२० वॅट आले तर एफटीपी २१० च्या आसपास. १८० किलोमीटरला त्याच्या ६५ ते ७५ टक्के, ९० किलोमीटरला ७५ ते ८५ टक्के. पहिल्यांदा उतरणाऱ्याने खालचाच आकडा धरावा, म्हणजे २१० एफटीपी असेल तर साधारण १३५ ते १४५ वॅट. पहिल्या तासात हे फारच सोपं वाटेल. तसंच वाटायला हवं.

पॉवर मीटर (पायडलवरची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नसेल तर ३० मिनिटं एकट्याने जीव तोडून चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांचे हृदयाचे सरासरी ठोके लिहून ठेवा. लांब फेरी त्याच्या ८० ते ८८ टक्क्यांत ठेवायची.

आता आठवडा. मंगळवारी २० मिनिटांचे दोन तुकडे, एफटीपीच्या ८८ ते ९२ टक्क्यांवर, मध्ये ५ मिनिटं हलकं. हे सगळं एरोबारवर. तीन-चार आठवड्यांत तुकडे दोनावरून तीनवर न्या. गुरुवारी घाट ठेवा, पण वेगळ्या कामासाठी : मोठा गिअर, पायडलचे मिनिटाला ५५-६० फेरे, ६ मिनिटांचे पाच तुकडे, सीटवर बसूनच. गुडघा कुरकुरला तर त्या दिवशी लगेच थांबा. रविवारी लांब फेरी, ३ तासांपासून सुरू करून दर आठवड्याला २० ते ३० मिनिटं वाढवत साडेपाच तासांपर्यंत. शेवटचा तास शर्यतीच्या ताकदीवर, फेरे मिनिटाला ८५-९०. उतरल्यावर लगेच बूट बदलून २० मिनिटं धावा. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. हा आठवडा मोडणारेच पुढे आजारी पडतात किंवा अडकून बसतात.

लांब फेरीनंतर एक पडताळा घ्या. ताकद तीच असताना दुसऱ्या अर्ध्यात ठोके ५ टक्क्यांहून जास्त चढले असतील, तर पाया अजून कच्चा आहे किंवा खाणंपिणं कमी पडलं आहे. तोवर अंतर वाढवू नका.

रविवारसाठी कोरेगाव-रहिमतपूर बाजूचा रस्ता घाटापेक्षा उपयोगी. मात्र गळीत हंगामात पहाटे अंधारात निघू नका. उसाच्या जोडट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही, आणि रस्त्यावर पडलेलं कांडं बारीक टायरला पुरेसं असतं. एरोबारवर असताना हात ब्रेकपासून लांब असतात, हे विसरू नका.

प्रश्न : साध्या रोडबाईकला क्लिप-ऑन एरोबार लावले. ४० मिनिटांत मान आणि कंबर धरते. वय ४४. सवयीने जाईल का? (गोडोली, सातारा)

उत्तर : सवयीने थोडं जाईल, पण मूळ दुखणं मोजमापाचं आहे. रोडबाईकचा सीटखालचा दांडा साधारण ७३ अंशांत असतो, ट्रायथलॉनच्या सायकलचा ७६ ते ८० अंशांत. सीट मागे तशीच ठेवून कोपर पुढे-खाली नेले की मांडी पोटाकडे दाबली जाते, आणि पाय वर यायला जागा हवी म्हणून कंबर गोल होते. सीट तिच्या खालच्या रेलवर (दोन सळ्यांवर) २ ते ३ सेंटीमीटर पुढे घ्या. प्रत्येक सेंटीमीटरमागे उंची ३ मिलिमीटर वाढवा, नाहीतर पाय आखडतो. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी नेल्यावर पाय सरळ झाला, तर उंची ठीक.

नंतर पॅड, म्हणजे एरोबारवर कोपर टेकायच्या गाद्या. बहुतेकांचे ते फार खाली असतात. खाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) घालून पॅड सीटच्या पातळीच्या जवळ आणा, कोपर खांद्याच्या जरा पुढे येऊ द्या. वरचा दंड आणि पाठ यांत साधारण काटकोन. मानेसाठी हनुवटी वर काढू नका. डोकं खांद्यांत सैल सोडा आणि नजर वर करा. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं खाली, ५ मिनिटं वर, मग हळूहळू वाढवा. सहा आठवड्यांनी पॅड ५ मिलिमीटर खाली करून बघा. तासभर टिकता न येणारी खालची बैठक वाऱ्यात कितीही चांगली असली तरी बिनकामाची. दुखून उठून बसलात की सगळा फायदा गेला.

सीट पुढे घेतल्यावर वजन पुढच्या चाकावर जातं आणि हँडल चंचल होतं. यवतेश्वर उतरताना किंवा कासच्या पठारावर आडवा वारा असताना हात ब्रेकवरच. हँडल कार्बनचं असेल, तर त्यावर क्लॅम्प चालतो का हे कंपनीच्या पुस्तिकेत आधी पाहा.

प्रश्न : लांब फेरीत केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, कधी कंदी पेढे असं घेतो. तीन तासांनंतर पोटात ढवळतं आणि खायची इच्छाच जाते. (कराड)

उत्तर : केळी-खजूर चालतील. चिक्की आणि पेढे बाजूला ठेवा. दोन्हींत स्निग्धांश भरपूर, त्यामुळे पोट उशिरा रिकामं होतं. उन्हात, ठोके चढलेले असताना पोटाकडे रक्त कमी जातं आणि साचलेलं ढवळतं.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे पहिलं लक्ष्य. तासाभराचं घरचं पेय असं : ७५० मिली पाणी, ४० ग्रॅम साखर, २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिनचं ग्लुकोजच होतं. म्हणजे दोहोंचं प्रमाण २:१ येतं. आतड्यात या दोघांना शोषणाचे मार्ग वेगळे, म्हणून एकाच मार्गावर गर्दी होत नाही. सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, अंदाजाने टाकू नका. दाट झालं की तेच ढवळणं परत. दर १० मिनिटांनी दोन घोट, पहिल्या १५ मिनिटांपासून. भूक लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. बाटली संपत आली की सोबत नुसतं पाणी ठेवा, पण उरलेले तास नुसत्या पाण्यावर काढू नका. खूप पाणी आणि मीठ नाही, यातून रक्तातलं सोडियम घसरतं. ते धोक्याचं असतं.

किती प्यायचं ते ठरवायला फेरीच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. त्यात प्यायलेलं पाणी मिळवा आणि तासांनी भागा. आठ-दहा रविवार हाच सराव झाला की मग तासाला ७५, पुढे जमलं तर ९० ग्रॅम.

प्रश्न : कार्बनची चाकं घ्यावीत का? (फलटण)

उत्तर : आत्ता नाही. आधी चांगले टायर. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ मिलिमीटरचे, आणि तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ७० ते ७५ पीएसआय हवा. ११० भरून खडबडीत रस्त्यावर सायकल नाचते आणि ताकद वाया जाते. मग अंगाला चिकटणारे कपडे, कारण ताशी ३० च्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग १० टक्के वाढवायला हवेविरुद्धची ताकद सुमारे एक तृतीयांश जास्त लागते, आणि फडफडणारा सदरा त्यात भर घालतो. तुमच्याकडच्या कोरड्या धुळीत तेल लावलेली चेन सँडपेपरसारखी घासते. ती पूर्ण धुऊन, वाळवून वितळलेल्या मेणात बुडवा, आणि दर ३०० किलोमीटरच्या आसपास पुन्हा. पैसे उरले तर पॉवर मीटर. चाकं त्यानंतर.